गारव्याचे कारागीर

माठांतलें पाणी गार कां होतें, हें आपल्या मुलांना शाळेंत शिकवितात. मातीच्या छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतें आणि जातांना आंतील उष्णता घेऊन जातें. शीतयंत्राचें मर्महि हेंच. माठाची वाफ हवेंत विरते. यंत्रांतली वाफ मात्र कॉम्प्रेसरनें दाबून बाहेरच्या नळ्यांत नेतात, तेथें उष्णता टाकून ती पुन्हा द्रवरूप होते, आणि तोच पदार्थ वर्षानुवर्षें फिरत राहतो.

म्हणूनच 'गॅस संपला' हें वाक्य ऐकलें कीं आम्हांस हंसूं येतें. गॅस खर्च होतच नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे. सुमार मिस्त्री गॅस भरतो, पैसे घेतो आणि पुढल्या उन्हाळ्यांत पुन्हा हजर होतो. जाणता कारागीर आधीं दोन्ही बाजूंचे दाब वाचतो, वैद्यानें नाडी पाहावी तसा. मग नळ्यांत नायट्रोजन भरून जोडांना साबणाचा फेस लावतो, बुडबुडा दिसेल तेथें झाळतो, पंपानें आंतली हवा व ओल काढून टाकतो, आणि शेवटीं गॅस वजनानें भरतो. नायट्रोजनच्या जागीं कोणी ऑक्सिजन भरला तर आंतल्या तेलाशीं गांठ पडून स्फोट होतो.

विलिस कॅरिअर ह्या अमेरिकन इंजिनियरानें १९०२ सालीं ब्रुकलिन येथें जी योजना केली, ती कोणाच्या सुखासाठीं नव्हती. दमट हवेनें एका छापखान्याचा कागद फुगे व रंग एकमेकांवर नीट बसत नसत, एवढेंच कारण! आजहि ह्या धंद्याचें मोठें काम दिवाणखान्याबाहेरच आहे. नाशिककडील निर्यातीचीं द्राक्षें शून्य अंशाच्या आसपास ठेवावीं लागतात. पुष्कळशा लसींना २ ते ८ अंश लागतात, आणि त्यांतल्या कांहीं गोठल्या तरी निकामी होतात. मध्यरात्रीं शीतगृहाचें यंत्र थांबलें, तर बागाइतदाराची वर्षाची मेहनत ह्या 'मिस्त्र्या'च्याच हातीं असते.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत ह्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तथापि घरांत विषय निघाला कीं वडीलमंडळी गप्प होतात, आणि घड्याळें उघडून पाहणारा मुलगा निमूटपणें नावडत्या पदवीच्या वर्गांत जाऊन बसतो. हात काळे होतील ही भीति आम्हांस पोकळ वाटते. खरी भीति निराळी आहे. मोठ्या शीतगृहांतला अमोनिया गळला तर डोळे व फुप्फुसें भाजून काढतो. ओझोनच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें करार झाल्यापासून जुने वायु मागें पडत गेले, आणि नव्यांपैकीं प्रोपेन तर पेट घेणारा आहे.

तेव्हां मुलानें हट्ट धरलाच, तर आजोबांनीं जात्याच नकार देण्यापूर्वीं तो जेथें उमेदवारी करणार तेथें स्वतः जाऊन पाहावें: वजनकांटा आणि पंप रोजच्या वापरांतले दिसतात काय, आणि अमोनियाच्या खोलींत पाठवितांना पोरांना मुखवटा देतात काय.