बॉस्टनला भात शिकवणाऱ्या बाई

भात रांधायला काय शिकायचं, असं कुणीही मराठी गृहिणी म्हणेल. पण अमेरिकेत कितीतरी माणसं एका जपानी बाईंकडून नेमकं तेच शिकली. तांदूळ आपल्या हातसडीसारखा, कोंडा न काढलेला. पाण्यात चिमूटभर मीठ. प्रेशर कुकरात शिजवायचा आणि घास सावकाश चावून खायचा. या बाई म्हणजे अ‍ॅव्हलिन कुशी.

मूळ नाव तोमोको योकोयामा. जन्म १९२३चा, जपानच्या डोंगराळ शिमाने प्रांतातला. शाळेत शिक्षिका होत्या. महायुद्धानंतर त्या जॉर्ज ओसावा यांच्या शिष्या झाल्या. धान्य-भाजीच्या साध्या आहारातून शरीराचा समतोल साधायचा, या विचाराला 'मॅक्रोबायोटिक' हे नाव ओसावांनीच रूढ केलं. १९५१मध्ये अ‍ॅव्हलिन अमेरिकेला गेल्या आणि ओसावांचेच शिष्य मिचिओ कुशी यांच्याशी त्यांनी लग्न केलं.

मिचिओ व्याख्यानं देत. पण नुसत्या व्याख्यानानं पोट कसं भरणार? ते काम बाईंचं! १९६६मध्ये दोघांनी बॉस्टनला 'एरव्हॉन' हे चिमुकलं दुकान काढलं. दिवस अवघड होते. ओसावांनी सांगितलेला निव्वळ धान्याचा आहार हट्टानं पाळणारी न्यू जर्सीतली एक तरुणी आदल्याच वर्षी दगावली होती. अ‍ॅव्हलिन यांच्या ताटात मात्र धान्य साधारण निम्मंच. बाकी भाज्या, कडधान्यं, समुद्री शेवाळ आणि सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सूप. १९८५मध्ये त्यांचं पाककृतींचं जाडजूड पुस्तकही निघालं.

या आहारानं कॅन्सर बरा होतो, असा प्रचार कुशींच्या वर्तुळात जोरात चाले. वैद्यकशास्त्राला तसा पुरावा मिळालेला नाही. आणि १९९०च्या दशकात खुद्द अ‍ॅव्हलिन यांनाच गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्यांनी रेडिएशन घेतलं. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. पण मला विचाराल, तर आपल्याच शिकवणुकीला न चिकटता इस्पितळाची पायरी चढायला धैर्य लागतं. त्यांच्यावर विश्वासून केवळ भातावर राहिलेल्या रुग्णांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, एवढी तक्रार मात्र उरतेच.

१९९९मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं कुशी दांपत्याची कागदपत्रं आणि वस्तू आपल्या संग्रहात घेतल्या. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, अ‍ॅव्हलिन गेल्या.