पिवळ्या बसचा अवाढव्य हिशोब

अमेरिकेत शाळेच्या पिवळ्या बस आहेत सुमारे ४ लाख ८० हजार. प्रत्येकीची लांबी सरासरी १० मीटर धरून सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या, तर ४,८०० किलोमीटरची रांग लागेल. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हा रस्ता साधारण ४,५०० किलोमीटरचा. म्हणजे अख्खा देश पार करूनही रांग उरेल!

या बसमधून रोज सुमारे अडीच कोटी मुलं शाळेत जातात. जाणं-येणं मिळून दिवसाला ५ कोटी प्रवास. शाळेचे १८० दिवस धरले, तर वर्षाला ९०० कोटी. आणि यातल्या बहुतेक बस आजही डिझेलवर धावतात.

एक बस वर्षाला साधारण ६,५०० लिटर डिझेल जाळते. सगळ्याच डिझेलच्या धरल्या, तर ३०० कोटी लिटरहून जास्त. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, पण जळताना त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाचा आकडा ८० लाख टनांपुढे जातो. मुलांना त्याहून जवळचा धोका धुराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. आणि वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

धूर न सोडणारी विजेची बस मात्र महाग : साडेतीन लाख डॉलरच्या आसपास, डिझेल बसच्या दुपटीहून अधिक. या भावाने सगळा ताफा बदलायचा, तर १६८ अब्ज डॉलर हवेत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी दिले ५ अब्ज. त्यात जेमतेम १४ हजार बस येतील, शंभरात तीन.

तरी सुरुवात झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडने २०२४ मध्ये आपल्या शाळांच्या सर्व ७४ बस विजेवर आणल्या. शाळेच्या बस बराच वेळ उभ्याच असतात. तेव्हा बॅटरीतली वीज ग्रिडला परत देता येते. या ७४ बसकडून वर्षाला २१ लाख युनिट मिळतील, असा अंदाज आहे.

१६८ अब्जांनी छाती दडपते, म्हणून हिशोब एका बसचा करावा. एका बसच्या वाट्याला सरासरी ५२ मुलं येतात. बस बारा वर्षं चालली, तर मुलांचे सव्वादोन लाख प्रवास होतात. आज घेतलेली प्रत्येक नवी डिझेल बस हे सगळे प्रवास धुरात लोटते आणि विजेची प्रत्येक बस ते त्यातून सोडवते. म्हणून सगळा पैसा जमण्याची वाट न पाहता, सर्वात जुन्या, सर्वात जास्त धूर ओकणाऱ्या बस आधी बदलायला हव्यात.