भरतपूरच्या म्हशींची साक्ष

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचे माहेरघर. राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याला संरक्षण देताना १९८२ साली तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. पिढ्यान्पिढ्या म्हशी चारणारे ग्रामस्थ खवळले. पोलिसांच्या गोळीबारात काहींचा बळी गेला. गुरे हटली की पक्षी सुखावतील, अशी भल्याभल्या तज्ज्ञांची प्रामाणिक समजूत होती.

ती चुकीची होती, हे कळले कसे? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तेथील पाणी, वनस्पती व पक्षी यांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून. म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचे गवत उथळ पाण्यात माजले. मोकळे पाणी आक्रसले, कित्येक पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली. हेच गवत खाऊन म्हशी आजवर पाणी मोकळे राखीत होत्या!

एखाद्या पाहणीने निसर्गाचे निदान होत नाही. पाऊस कमीअधिक होतो, पक्ष्यांची संख्या चढते-उतरते. त्यातून मानवी हस्तक्षेपाचा परिणाम वेगळा काढावयाचा, तर वर्षानुवर्षांची मोजदादच हवी. आपल्याकडे मात्र उद्घाटनाला पैसा असतो, नोंदवहीला नसतो. नियम करण्यापूर्वी मोजणे आणि केल्यावरही मोजत राहणे हा शास्त्रज्ञांचा छंद नव्हे, ते शासनाचे कर्तव्य आहे. भरतपूरच्या ग्रामस्थांनी आपल्या अज्ञानाची किंमत प्राणांनी मोजली, याचा विसर पडू नये.