पहिल्या मोटारीसाठी इंजिनाची निवड

स्वतःच्या हातांनी मोटारगाडी उभी करावी ही हौस आपल्याकडे वाटते तितकी दुर्मिळ नाही. इंदूरपासून जवळच असलेल्या पिथमपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची 'बाहा' ही स्पर्धा २००७ पासून भरत आली आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्यार्थी पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, एकट्याने बसून चालवावयाची, खाचखळग्यांतून धावणारी गाडी स्वतः आखतात व स्वतः जोडतात. मग चार तासांच्या अखंड शर्यतीत त्या गाडीची कसोटी लागते. याच पिथमपुरात २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा, वेगाच्या चाचण्यांचा विस्तीर्ण मार्ग खुला झाला. मोठे कारखाने आपल्या गाड्या जेथे पारखतात, त्याच परिसरात विशी न ओलांडलेली मुले हातांना काळे लावून आपली पहिली गाडी सुरू करतात, ही गोष्ट मोठी उत्साहवर्धक आहे.

विद्यार्थ्यांच्या पाठीशी महाविद्यालय असते. परंतु नोकरी-व्यवसाय सांभाळून, घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी गाडी उभारू पाहणाऱ्या हौशी गृहस्थाचा मार्ग अधिक बिकट असतो. पाश्चात्त्य देशांत अशा लोकांसाठी सुट्या भागांचे संच फार पूर्वीपासून विकत मिळतात. इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेली 'लोटस सेव्हन' ही त्यांतील अत्यंत गाजलेली गाडी. सांगाडा आणि पत्रा संचातून घ्यावयाचा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सुकाणू या वस्तू एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यात बसवावयाच्या, अशी ही रीत. ज्या जुन्या गाडीचे अवयव असे कामी येतात तिला तिकडे 'डोनर', म्हणजे दाती गाडी, म्हणतात. ही दाती गाडी कशी निवडावी, आणि विशेषतः तिचे इंजिन कसे पारखावे, हा आजचा विषय आहे.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर पिथमपूरच्या मैदानावर मिळते. त्या स्पर्धेत अनेक वर्षे प्रत्येक संघाला एकाच बनावटीचे, सुमारे १० अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागे, आणि त्यात फेरफार करण्यास मनाई असे. सर्वांची शक्ती सारखीच. तरीही काही गाड्या चार तास धावून सुखरूप परत येत, आणि काही पहिल्या अर्ध्या तासातच कडेला उभ्या राहत. कोणाचा जोड निखळे, कोणाचा कणा मोडे, कोणाचा पट्टा घसरे. गाडी पूर्ण होते की नाही, ती टिकते की नाही, हे इंजिनाच्या भोवती काय आणि कसे बांधले आहे यावर ठरते. म्हणून पहिल्या गाडीसाठी इंजिन निवडताना ते किती जोरदार आहे याआधी ते किती परिचित आणि किती परिपूर्ण आहे हे पाहावे, असे माझे सांगणे आहे.

शक्तीची चिंता किती अनाठायी असते हे एका साध्या हिशेबाने दिसेल. मारुती ८०० ही गाडी आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन सुमारे ६५० किलो भरते. म्हणजे दर टनामागे ५७ अश्वशक्ती झाली. हेच इंजिन आपण ४५० किलोच्या उघड्या, दोन आसनी गाडीत बसविले, तर प्रमाण दर टनामागे ८२ पर्यंत जाते. इंजिनाला हातही न लावता गाडी जवळजवळ दीडपट चपळ झाली! हलक्या गाडीत मध्यम इंजिन पुरे होते. उलट जड आणि जोरदार इंजिन घेतले की सांगाडा जाड हवा, ब्रेक मोठे हवेत, रेडिएटर मोठा हवा. आणि वाचविलेले वजन पुन्हा अंगावर येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लग्नाला नवरदेव एकटा येत नाही, त्याच्यामागे वऱ्हाड असते. इंजिनाचेही तसेच आहे. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, पंखा, पेट्रोलचा पंप, सायलेन्सर, वायरिंग हे सारे त्याचे वऱ्हाड होय. इंधन फवारणाऱ्या अलीकडच्या इंजिनांना तर संगणकाची पेटी, नाना ठिकाणचे सेन्सर आणि पुष्कळदा त्या पेटीशी जुळणारी मूळची किल्लीही लागते. भंगारवाल्याकडून नुसते इंजिन स्वस्तात आणणारा गृहस्थ पुढे सहा महिने या वऱ्हाडातील एकेक पाहुणा शोधीत हिंडतो, आणि अनेकदा शोधाचा खर्च इंजिनाच्या किमतीवर जातो. याकरिता शक्य तर चालू स्थितीतील संपूर्ण गाडीच विकत घ्यावी. उरलेले आसन, काचा, पत्रा विकून काही पैसे परतही येतात.

आता कोणती गाडी घ्यावी? याचे उत्तर आपल्या सांगाड्याच्या रचनेवर अवलंबून आहे. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी जुन्या धर्तीची गाडी करावयाची असेल तर मारुती ओम्नी विचारात घेण्याजोगी आहे. तिचे इंजिन ८०० च्याच जातीचे, परंतु लांबीत बसविलेले आहे, आणि शाफ्टमार्गे ते मागचा अ‍ॅक्सल फिरविते. ८०० मध्ये हेच इंजिन आडवे असून गिअरबॉक्स व डिफरन्शिअल त्याला जोडूनच आहेत. हा सबंध गठ्ठा उचलून चालकाच्या पाठीमागे ठेवता येतो. मात्र तसे करताना गिअरच्या दांड्याची जोडणी नव्याने करावी लागते, आणि मूळच्या पुढच्या चाकांचे सुकाणूचे दांडे सांगाड्याला पक्के बांधावे लागतात. ते सैल राहिले तर मागची चाके वळणावर आपल्याच मनाने वळू पाहतात. टाटा नॅनोचे दोन सिलिंडरांचे ६२४ घनसेंटिमीटरचे इंजिन मुळातच मागे, मागच्या चाकांसाठी बसविलेले होते. ही गाडी २०१८ मध्ये निघावयाची थांबली. तरी मागे इंजिन असलेल्या छोट्या गाडीला तिची रचना सोयीची आहे.

मोटारसायकलचे इंजिन हलके आणि चपळ असते, त्यामुळे अनेकांना त्याचा मोह पडतो. पण त्याला मागे जाण्याचा गिअर बहुधा नसतो, डिफरन्शिअल नसते, आणि त्याचा क्लच एका-दोघांचे वजन ओढण्याच्या बेताने केलेला असतो. वाऱ्यावर थंड होणारे इंजिन पत्र्याच्या कोंदणात बसविले तर ते तापते. त्या मानाने आपल्या रस्त्यांवरच्या रिक्षाची रचना अधिक विचारपूर्वक आहे; तीत मागचा गिअरही आहे आणि डिफरन्शिअलही. 'बाहा'तील अनेक संघांनी मालवाहू तीनचाकीची गिअरबॉक्स याच कारणाने पसंत केली. डिझेल इंजिन काटकसरी खरे, पण ते जड असते आणि हादरे फार देते. पहिल्या हलक्या गाडीत ते नसलेलेच बरे.

सुटे भाग कोठे मिळतात हाही विचार हवा. अलिबागजवळ 'चिंकारा' या नावाने जुन्या इंग्रजी धर्तीची उघडी गाडी तयार झाली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते, म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर गाडीत बसत असे तेच. ज्या इंजिनाची अंतर्बाह्य ओळख गावोगावच्या मिस्त्रींना होती, त्याची निवड किती व्यवहार्य होती हे वेगळे सांगावयास नको. परदेशी, नावाजलेले, पण गॅस्केटसाठीसुद्धा महिनोन्‌महिने वाट पाहावयास लावणारे इंजिन नवशिक्याच्या उत्साहाचा अंत करते.

गाडी पाहावयास जाताना इंजिन थंड असेल अशा वेळी जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. सुरू करताच निळा धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे असे समजावे. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साका दिसला, तर पाणी जाऊ नये तेथे जात आहे अशी शंका घ्यावी. झाकणाखालचा थोडा साका पावसाळ्यात दमटपणामुळेही धरतो. म्हणून ऑइलची पट्टीही ओढून पाहावी. त्यानंतर मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सर्वांचे आकडे जवळजवळ सारखे असावेत. एखाद्याचा दाब इतरांहून १० टक्क्यांपेक्षा अधिक उतरला असेल तर किंमत पाडून घ्यावी किंवा ते इंजिन सोडून द्यावे. शेवटी टेप लावून इंजिनाची लांबी, रुंदी व उंची मोजावी, आणि सायलेन्सर कोणत्या बाजूने बाहेर पडतो हे लिहून घ्यावे. सुकाणूचा दांडा आणि तापलेला सायलेन्सर एकाच जागेवर हक्क सांगू लागले की सांगाडा पुन्हा कापावा लागतो.

कागदपत्रांची पाहणी ही औपचारिकता मानू नये. इंजिनावर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळलाच पाहिजे, आणि विक्रीची पावती हाती असली पाहिजे. चोरीच्या गाडीचे इंजिन अजाणतेपणी घेणाऱ्यालाही पोलिसांना उत्तर द्यावेच लागते. याहून मोठा प्रश्न गाडी रस्त्यावर आणण्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हाच अर्थ स्पष्ट केला. नव्याने घडविलेल्या गाडीचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ते एकट्याच्या आवाक्यातले काम नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने दुचाकीचे भाग वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, ती २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, असेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कौतुक आणि नियम या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. पहिली गाडी बंदिस्त आवारापुरती किंवा स्पर्धेच्या मैदानापुरती आहे असे मानूनच कामाला लागावे.

एक सूचना जीविताच्या दृष्टीने देतो. इंधन फवारणाऱ्या इंजिनाच्या नळीत पेट्रोल मोठ्या दाबाने वाहते. तेथे साधी रबरी नळी आणि तारेचा पीळ चालत नाही; त्या दाबासाठीच केलेली नळी व पट्टेच वापरावेत, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना आग विझविण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे.

इंजिन काढण्यापूर्वी ते जुन्या गाडीतच महिनाभर चालवून पाहावे. त्याचा आवाज, त्याची खोड, त्याची तहान ओळखीची होऊ द्यावी. मग प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, आणि तेव्हाच पाना हाती घ्यावा. ताडपत्रीखाली अर्धवट पडून राहिलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा मोठ्या इंजिनाच्या हट्टापायी तशा राहिल्या आहेत. ८०० चे साधे इंजिन बसविलेली, पण खरोखर धावणारी गाडी तिच्या कर्त्याला जे शिकवील, ते त्याच्या दुसऱ्या गाडीची पुंजी ठरेल. मोठ्या इंजिनाची हौस त्या दुसऱ्या गाडीत खुशाल पुरवावी.