लांबीचा डौल आणि पोटातील जागा

जर्मनीतील ल्युर्सेन या नौकाबांधणी कंपनीने तीन वर्षांच्या अंतराने दोन अवाढव्य यॉट बांधून पूर्ण केल्या. २०१३ मधील 'अझ्झाम' १८० मीटर लांब. त्या वेळी जगातील सर्वांत लांब खासगी यॉट म्हणून तिचा गाजावाजा झाला. २०१६ मधील 'दिलबर' १५६ मीटरची, म्हणजे तब्बल २४ मीटरनी आखूड. या दोहोंत मोठी कोणती, असे विचारले तर कोणीही अझ्झामचेच नाव घेईल. परंतु नौकांच्या जगात मोठेपणाची आणखी एक मोजपट्टी आहे, ग्रॉस टनेजची. तिच्यावर अझ्झामचा आकडा आहे १३,१३६ आणि दिलबरचा १५,९१७. लांबीच्या प्रत्येक मीटरमागे अझ्झामच्या वाट्याला सुमारे ७३ टनेज येते, तर दिलबरच्या वाट्याला १०२. लांब आहे ती अझ्झाम, पोट मोठे आहे ते दिलबरचे.

ग्रॉस टनेज या शब्दात 'टन' असला तरी त्याचा वजनाशी संबंध नाही. ते नौकेतील सर्व बंदिस्त जागेच्या घनफळावरून एका सूत्राने काढतात. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारात हे सूत्र ठरले. एके काळी जहाजात मद्याची किती पिंपे मावतात यावरून त्याचे आकारमान सांगत. त्या पिंपाचे नाव आजही चिकटून राहिले आहे. आपल्याकडे घर घेताना बिल्डर सुपर बिल्टअप क्षेत्र सांगतो आणि राहायला गेल्यावर कार्पेट क्षेत्र हाती लागते. यॉटच्या बाबतीत लांबी हा मिरवण्याचा आकडा आणि ग्रॉस टनेज हा राहण्याचा. सुंदर रूप आणि ऐसपैस जागा यांच्यातील सगळी ओढाताण या दोन आकड्यांच्या दरम्यान चालते.

लांब, अरुंद आणि ठेंगणी नौका आपल्याला देखणी का वाटते? याचे उत्तर केवळ अभिरुचीत नाही, पाण्यात आहे. पाणी कापत जाणाऱ्या नौकेभोवती लाटा उठतात, आणि वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीइतकी झाली, की नौका जणू स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. तेथून पुढे वेग थोडा वाढवायलाही इंधन भरमसाट जळते. पाण्याच्या रेषेवर २५ मीटर लांबी असलेल्या अवजड नौकेची ही मर्यादा साधारण १२ नॉटवर येते. लांबी वाढवली की मर्यादा पुढे सरकते, आणि रुंदी आटोक्यात ठेवली की लाट लहान उठते. अझ्झामची लांबी रुंदीच्या साडेआठ पटींहून अधिक आहे. दिलबरची साडेसहा पटींच्या आसपास. अझ्झामचा वेग ३० नॉटच्या पुढे जातो, दिलबरचा २२ च्या घरात थांबतो, यामागे इंजिनांच्या ताकदीइतकाच या शरीरयष्टीचाही हात आहे.

जुन्या काळच्या यॉटचा डौल असाच आला. १९०६ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे बांधलेली 'कालिझ्मा' पाहा. सुमारे ५० मीटरची ही यॉट १९६७ मध्ये रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांनी घेतली, आणि पुढे ती विजय मल्ल्यांकडेही होती. पुढे झेपावलेली नाळ, पाण्यावर अलगद उचलला गेलेला मागचा भाग, मधोमध बसकी खोपटी. दृष्ट लागावी असे रूप! पण त्या निमुळत्या टोकांमध्ये माणूस राहू शकत नाही. लांबीचा मोठा भाग केवळ रेषेसाठी खर्ची पडलेला. याच मल्ल्यांनी नंतर घेतलेली ९५ मीटरची 'इंडियन एम्प्रेस' म्हणजे मात्र मजल्यावर मजला चढवलेला तरंगता प्रासाद. खलाशांचे पगार थकल्यामुळे २०१८ मध्ये ती माल्टा येथे अडकवून ठेवण्यात आली, हे वाचकांना आठवत असेलच.

मजले चढवण्यात खरी अडचण आहे ती माणसाच्या उंचीची. नौका लहान केली म्हणून माणूस लहान होत नाही. दोन मीटर मोकळी उंची हवीच. शिवाय छतात वातानुकूलनाच्या नळ्या, तारा आणि आधाराच्या तुळ्या. म्हणजे एक मजला अडीच मीटरच्या आसपास गेला. शंभर मीटरच्या यॉटवर असे चार-पाच मजले रचले तरी ती आडवीच दिसते. चोवीस मीटरच्या यॉटवर तीन रचले की लग्नाचा केक पाण्यात सोडल्यासारखे वाटते. म्हणून रूप आणि जागा यांचा झगडा अतिश्रीमंतांच्या महानौकांपेक्षा त्या मानाने लहान, वीस ते तीस मीटरच्या यॉटवर अधिक तीव्र असतो. तेथे प्रत्येक वीत हिशेबात येते.

उदाहरणार्थ, डेकच्या दोन्ही कडांनी जाणारे पायवाटेसारखे अरुंद मार्ग. सहा मीटर रुंदीच्या यॉटवर दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटिमीटर सोडले, तर दिवाणखान्याला उरतात ४.८ मीटर, रुंदीचा पाचवा हिस्सा गेला. हे मार्ग काढून टाका, भिंती थेट कडेपर्यंत न्या, दिवाणखाना एकदम भरदार होतो. मात्र धक्क्याला लागताना दोर घेऊन नाळेकडून मागे धावणाऱ्या खलाशाने जायचे कोठून? एक तर वरच्या मजल्यावरून शिडीने, नाही तर पाहुण्यांच्या गालिच्यावरून ओल्या बुटांनी. वारा जोराचा असेल तर या दहा-पंधरा सेकंदांत नौका धक्क्यावर घासते. काही संरचनाकारांनी यावर शहाणा तोडगा काढला. मार्ग एकाच बाजूला ठेवायचा आणि दुसरी बाजू घराला द्यायची. बाहेरून पाहणाऱ्यास ते क्वचितच जाणवते. मला स्वतःला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण समोरून दोन्ही बाजू सारख्या हव्यात, असा हट्ट धरणारे मालकही असतात.

सगळ्याच युक्त्या अशा किंमत मागणाऱ्या नाहीत. २००५ च्या सुमारास नौकेच्या तळातून खाली सोडलेले, फिरणारे पंखे व्होल्वो पेंटाने बाजारात आणले. लांब दांडा नकोसा झाल्याने इंजिने मागे सरकली आणि मध्यभागी, जिथे नौका सर्वांत रुंद असते आणि सर्वांत कमी हलते, तिथे मालकाची पूर्ण रुंदीची केबिन बसू लागली. बाहेरच्या रेषेला धक्काही नाही. तीच गोष्ट सरळ, उभ्या नाळेची. वाफेच्या जहाजांच्या काळातली ही नाळ पुढे कालबाह्य ठरली होती. नव्या शतकात ती फॅशन म्हणून परतली. पण ती टिकली याचे कारण व्यवहारी आहे. एकूण लांबी तेवढीच ठेवून पाण्यालगतची लांबी वाढते आणि पुढच्या केबिनला खांदे फुटतात. मरिनामध्ये जागेचे भाडे ठरते ते प्रामुख्याने लांबीवरून, हे ध्यानात घेतले की मीटरमागे अधिक पोट भरण्याची ही घाई कशासाठी, ते उलगडते.

कायद्याचेही येथे बोट आहे. ५०० ग्रॉस टनेजची रेषा ओलांडली की अग्निसुरक्षा, जीवरक्षक साधने, अधिकाऱ्यांची पात्रता यांविषयीचे नियम अधिक कडक होतात. त्या सूत्राने ५०० टनेज म्हणजे जवळपास १,८८० घनमीटर बंदिस्त जागा. म्हणून ४९९ च्या यॉट बाजारात मुबलक दिसतात. उघडा डेक या मोजणीत येत नाही. मग छत पुढे काढायचे, खाली सोफे मांडायचे, वाऱ्यासाठी काचेचा आडोसा करायचा, पण 'बंदिस्त' म्हणता येणार नाही इतपत फट ठेवायची. एके काळी चटई क्षेत्रात न धरलेल्या बाल्कनीला खिडक्या लावून खोली करणाऱ्या मुंबईकराला हे तंत्र नव्याने शिकवायला नको.

जागेला रूपाने झाकण्याची कलाही याच काळात विकसित झाली. मूळचे सिडनीचे जॉन बॅननबर्ग (१९२९-२००२) यांचे नाव येथे घ्यावेच लागेल. यॉटचे बाह्यरूप रेखणारा, नौकाभियंत्याहून वेगळा संरचनाकार हा पेशा त्यांच्यामुळे रूढ झाला, असे मानले जाते. १९८० ची ८६ मीटरची 'नबिला' त्यांचीच. काळ्या काचेचे अखंड पट्टे, मागे झुकलेले मजले, छताच्या कडांची खोल सावली यांनी नजर उभी न जाता आडवी धावते आणि चार मजल्यांचे तीन वाटतात. याच्या उलट टोकाला २००८ मधील, फिलिप स्टार्क यांनी रेखलेली ११९ मीटरची 'ए' आहे. तिची नाळ उलटी, आणि बाजू वर जाताना आत झुकलेल्या. पाणबुडी की यॉट असा प्रश्न पडावा असे रूप. पण बाजू आत झुकल्या म्हणजे वरच्या मजल्यांची रुंदी घटली. येथे जागा रूपापायी गेली. तेव्हा समुद्राच्या शिस्तीतून आलेले रूप वेगळे आणि लक्ष वेधण्यासाठी घेतलेले वेगळे.

वर चढवलेली जागा आणखी एका मार्गाने वसुली करते. नौकेचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती कलंडल्यावर पुन्हा सावरण्याची ताकद कमी. म्हणून मोठ्या यॉटचे धड पोलादाचे आणि वरचे मजले हलक्या अ‍ॅल्युमिनियमचे करतात. तरीही संगमरवर, पाण्याचे हौद आणि हेलिकॉप्टरचा तळ वर न्यावासा वाटतोच. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 'बाडेन' नावाची ९० फुटी उंच यॉट पाण्यात उतरवतानाच आडवी झाली. तिचे स्थैर्य अपुरे होते, असे चौकशीत निघाले.

राहता राहिले खलाशी. माहितीपत्रकातील देखण्या छायाचित्रांत ते नसतात, पण ५० मीटरच्या यॉटवर १२ पाहुण्यांसाठी साधारण तितकेच कर्मचारी असतात. त्यांच्या केबिन बहुधा नाळेत, खालच्या मजल्यावर. म्हणजे नौका सर्वांत जास्त उसळते तिथे आणि ती सर्वांत अरुंद असते तिथे. नाळ जितकी धारदार, तितका त्यांच्या बिछान्याचा पायथा निमुळता. ऑगस्ट २०१३ मध्ये सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि त्यात खलाशांच्या केबिनचे किमान क्षेत्रफळ आले. यॉट उद्योगात एकच कल्लोळ उडाला, कारण मालवाहू जहाजांसाठी बेतलेली ती मोजमापे लहान यॉटच्या नाळेत बसेनात. शेवटी ब्रिटिश यॉट संहितेच्या नव्या आवृत्तीत आकारानुसार सवलती देऊन मार्ग काढण्यात आला. वादात रूपाच्या बाजूने संरचनाकार बोलले, जागेच्या बाजूने विक्रेते. ज्या जागेबद्दल ते बोलत होते, तीत रात्री झोपणारा मात्र पहाटे पाचला उठून पाहुण्यांच्या डेकवरचे मीठ पुसत होता.