मोटारीच्या काचेवरील बाष्प : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती देशभर पसरलेली असल्यामुळे येथील थंडीकडे परप्रांतीयांचे आणि पुष्कळदा खुद्द नागपूरकरांचेही दुर्लक्ष होते. परंतु ज्या शहराच्या नावावर हवामान खात्याच्या दफ्तरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले, तेथे हिवाळ्यातल्या पहाटे मोटार बाहेर काढणाऱ्याला समोरच्या काचेवर आतून धरणाऱ्या बाष्पाशी सामना करावाच लागतो. या बाष्पावर आपल्याकडे जे उपाय रूढ आहेत, त्यांतले बरेचसे निरुपयोगी आणि काही अपायकारक आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच समजूत आहे : हे पाणी बाहेरच्या गारठ्यातून आत शिरते, सबब गाडी जितकी घट्ट बंद ठेवावी तितकी काच स्वच्छ राहील.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा थंड होत जाते तसतशी बाष्प धारण करण्याची तिची शक्ती घटते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम. आता पेंचच्या सफारीसाठी पहाटे निघालेल्या एखाद्या कुटुंबाची गाडी डोळ्यांसमोर आणावी. आत चार माणसे, थंडीच्या धास्तीने चारही काचा वर केलेल्या, आणि हवेचा एकंदर साठा तीनएक घनमीटर. विश्रांतीच्या स्थितीतही प्रत्येक माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला सुमारे ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडत असतो. म्हणजे बाहेर १० अंश तापमान असेल, तर वाटेतली कन्हान नदी ओलांडण्याच्या कितीतरी आधी, पाचदहा मिनिटांतच, आतली हवा त्या थंड काचेच्या दृष्टीने संपृक्त होते आणि बाष्प काचेवर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने उतरू लागते. ते पाणी आपल्याच श्वासाचे असते.

एवढे ध्यानात आले, की बाहेरची हवा ही शत्रू नसून उपाय आहे हे आपोआप पटते. १० अंशांची बाहेरची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली आहे असे मानले, तरी गाडीच्या हीटरने तिला २० अंशांपर्यंत तापवताच तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर येते, आणि अशी तहानलेली हवा काचेवरून वाहिली की तेथले पाणी ती उचलून नेते. म्हणून आतलीच हवा आत फिरविणारे बटण, ज्यावर वळलेल्या बाणाचे चिन्ह असते आणि जे उन्हाळ्यात दाबले ते हिवाळाभर तसेच राहते, ते सर्वांत आधी बंद करावे. ऊब टिकते म्हणून ते चालू ठेवणाऱ्यांची काच तर धुरकटतेच, शिवाय कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साचून चालकाला जडपणा व पेंग येऊ लागते, ही बाब अधिक गंभीर आहे.

दुसरा दृढ गैरसमज एसीविषयी. थंडीत एसी लावणे हा वेडेपणा, असे मानणारे लोक विसरतात की एसी हवा थंड करण्याबरोबरच कोरडीही करतो. त्याच्या गार नळ्यांवर बाष्पाचे पाणी होऊन ते गाडीखाली ठिबकते, हे उन्हाळ्यात प्रत्येकाने पाहिलेले असते. हीटर आणि एसी एकाच वेळी चालवून हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळविला, तर कोरडी आणि उबदार हवा दोन्ही एकत्र लाभतात. हीटर आपली उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून घेत असल्यामुळे पहिली काही मिनिटे तो गार हवाच फेकतो. तेवढा वेळ एसीवर आणि बोटभर उघडलेल्या खिडकीवर विसंबावे. पाठीमागच्या काचेवरील बारीक रेघा मात्र विजेने तापतात. त्यांचे बटण निराळे असते.

हाताच्या तळव्याने काच पुसण्याची सवय मला फार घातक वाटते. तळव्याचा तेलकटपणा काचेवर राहतो, त्यावर पुढच्या वेळी थेंब अधिक ठळक धरतात, आणि जबलपूर मार्गावर समोरून ट्रकचे दिवे आले की त्या फराट्यांवर प्रकाश फाकून क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. आठवड्यातून एकदा काच आतून धुतलेल्या, कोरड्या कापडाने स्वच्छ करणे हा बिनखर्चाचा बंदोबस्त आहे. गारठलेल्या काचेवर कढत पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे. काच तडकू शकते.

सिलिका जेलच्या पुड्या उभ्या गाडीतील थोडीफार ओल शोषतात, हे खरे. पण भिजल्यावर त्या वाळवाव्या लागतात, आणि चार माणसांच्या श्वासापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

बाहेरच्या बाजूचे दव हा वेगळा मामला आहे. दव आकाशातून पडत नाही, हे लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ सालीच सप्रमाण दाखविले होते. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होते व दव तिच्यावरच तयार होते. म्हणून कडुलिंबाखाली किंवा छपराखाली उभी केलेली गाडी सकाळी बहुधा कोरडी सापडते. पावसाळ्यात एसीने काच अतिथंड झाली, तर गार पाण्याच्या तांब्याप्रमाणे तिला बाहेरून पाझर सुटतो. त्या वेळी वायपर फिरवावा आणि एसीचा गारवा कमी करावा.

हे सर्व करूनही काच रोज धुरकटत असेल, तर पाण्याचा उगम गाडीतच शोधावा. पायाखालचे मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा : एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी बहुधा पुढच्या आसनासमोरच्या गालिच्यात मुरते. हवेचा झोत मंद पडला असेल, तर केबिन फिल्टर धुळीने भरलेला असण्याचा संभव आहे. आणि काचेवर चिकट थर येऊन गाडीत गोडसर वास दरवळत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत आहे असे समजावे. अशा गाडीने लांबच्या प्रवासाला न निघता ती आधी गॅरेजमध्ये दाखवावी.