रेक्झिन : कापड की प्लॅस्टिक? कस्टममध्ये मालाची जागा कशी ठरते

पिंगळीत मोटारसायकलची सीट शिवणारा कारागीर असो की परभणीत शाळेची दप्तरे शिवून विकणारा, दोघांच्या तोंडी एकच शब्द असतो : रेक्झिन. माल जाड असो वा पातळ, मागे सुती कापड असो, जाळी असो की फोम, सगळे रेक्झिनच. मुळात हे इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या एका कृत्रिम चामड्याचे व्यापारी नाव. बाजारात ते खुशाल चालते, पण कस्टमच्या दरपत्रकात मालाची जागा या नावावरून ठरत नाही. तेथे विचारले जाते की समोरचा माल प्लॅस्टिक लावलेले कापड आहे की आत कापड घातलेले प्लॅस्टिक. उत्तर काय येते त्यावर जकातीचा दर ठरतो, आणि तो दर शेवटी आपल्या मीटरच्या भावात उतरतो.

मराठवाड्याला जकात नवी नाही. निजामाच्या काळी करोडगिरी नावाचे खाते संस्थानात येणाऱ्या मालावर जकात वसूल करीत असे. तो शब्द वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो. आज परदेशी मालाचा आपला मोठा नाका म्हणजे न्हावा शेवा बंदर. आपल्यापैकी बहुतेक जण मुंबई-हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलतात. तरी अलीकडे चार दुकानदारांनी मिळून कंटेनर मागवण्याच्या गोष्टी निघतात. अशा बांधवांनी आधी हा विषय नीट समजून घ्यावा.

दरपत्रकाची मांडणी

१९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याखालील दरपत्रक २८ फेब्रुवारी १९८६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेले आहे. मालाच्या आकड्यातील पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक शीर्षकाचे. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, शेवटचे दोन भारताचे स्वतःचे. प्रकरण ३९ प्लॅस्टिकचे. विणलेल्या कापडांची प्रकरणे ५० ते ५५, निटेड म्हणजे होजिअरी पद्धतीच्या कापडाचे ६०. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडासाठी शीर्षक ५९०३ आहे. त्यात पीव्हीसीचा थर असेल तर ५९०३१०, पॉलियुरेथेन म्हणजे पीयूचा असेल तर ५९०३२० आणि इतर प्लॅस्टिकचा असेल तर ५९०३९०. थर रबराचा असेल तर माल ५९०६ मध्ये जातो.

पाच कसोट्या

पहिली कसोटी डोळ्याची. थर नुसत्या डोळ्यांनी, भिंग न लावता दिसला पाहिजे. थरामुळे फक्त रंग बदललेला दिसत असेल तर तो धरत नाहीत. थर दिसलाच नाही तर ते साधे कापड, आणि ते आपल्या मूळ प्रकरणात परत जाते.

दुसरी वाकवण्याची. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात माल ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती, म्हणजे साधारण शिसपेन्सिलीभोवती, हाताने वाकवावा. तडकला तर तो बहुधा प्रकरण ३९ मध्ये जातो.

तिसरी दोन्ही बाजूंची. कापड प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल, किंवा दोन्ही अंगांनी पूर्णपणे प्लॅस्टिकने झाकलेले असून ते डोळ्यांना दिसत असेल, तर तो माल प्लॅस्टिक, प्रकरण ३९.

चौथी फोमची. फोमच्या शीटला एका बाजूने साधे, एकरंगी कापड फक्त मजबुतीसाठी चिकटवले असेल तर माल प्लॅस्टिकमध्ये जातो. कापड छापील, नक्षीदार किंवा लव असलेले असेल तर त्याचे काम मजबुतीपुरते नाही असे मानले जाते आणि माल कापडाकडे झुकतो.

पाचवी मागच्या अस्तराची, आणि इथे पुष्कळ जण फसतात. अस्तर विणलेले किंवा निटेड नसून नॉनवोव्हन असेल तर एका बाजूने थर दिलेला माल ५९०३ मध्ये बसत नाही, त्याची जागा ५६०३. बूट, पर्स, सोफ्यासाठी येणाऱ्या पीयू लेदरमध्ये असे अस्तर असलेला माल पुष्कळ असतो.

पैशाचा फरक

चौकाचौकांत लागणारा फ्लेक्स बॅनर पाहा. दोन पीव्हीसी थरांच्या मध्ये पॉलिएस्टरची जाळी असते. हात लावला तर कोणी कापड म्हणेल, पण तिसऱ्या कसोटीने तो प्लॅस्टिक ठरतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पीव्हीसी फ्लेक्सवरची मूळ जकात शेकडा १० वरून २५ केली गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मांडणी पुन्हा बदलली.

दुसरे उदाहरण निटेड कापडाचे. स्वस्त परदेशी माल रोखण्यासाठी मार्च २०२४ मध्ये प्रकरण ६० मधील काही कृत्रिम धाग्यांच्या कापडांवर किलोला ३.५ डॉलर अशी किमान आयात किंमत लावण्यात आली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने निटेड कापडाच्या नऊ ओळींवर शेकडा २० किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त ते, अशी जकात ठरवली. हिशेब करून पाहा. किलोला ५७५ रुपये किमतीच्या मालावर दोन्ही आकडे सारखे येतात. त्याहून स्वस्त मालावर ११५ रुपयेच लागतात. ३०० रुपये किलोच्या मालावर हे शेकडा ३८ च्या वर गेले.

आता समजा, चार दुकानदारांनी अशा निटेड कापडाचा कंटेनर मागवला. विकणाऱ्याने बिलावर 'पीयू कोटेड फॅब्रिक' लिहिले आणि माल ५९०३ मध्ये दाखवला. नमुना तपासला गेला आणि थर डोळ्यांना दिसत नाही असा अहवाल आला. माल प्रकरण ६० मध्ये गेला. तो त्या नऊ ओळींपैकी निघाला तर दुकानदारांचा सगळा नफा बंदरातच संपतो, कंटेनरचे भाडे वेगळे चढत राहते.

माल सुटून विकला गेला म्हणजे प्रकरण मिटले असेही समजू नये. २०११ पासून वर्गीकरण आयातदाराने स्वतः करून जाहीर करायचे असते. कमी भरलेल्या जकातीची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते; माहिती लपवली किंवा जाणूनबुजून खोटी दिली असा ठपका असेल तर पाच वर्षांपर्यंत, त्यावर व्याज आणि जकातीइतका दंड. तोवर माल विकलेला असतो आणि वाढीव रक्कम गिऱ्हाइकाकडून मागता येत नाही.

काय करावे

एक, सौदा पक्का करण्यापूर्वी विकणाऱ्याकडून लेखी माहिती घ्यावी : अस्तर विणलेले, निटेड की नॉनवोव्हन, धागा कोणता, थर कशाचा, एका बाजूने की दोन्ही, एकूण वजन आणि नुसत्या अस्तराचे वजन दर चौरस मीटरला किती.

दोन, नमुना आधी मागवून टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

तीन, परदेशी विकणाऱ्याने दिलेला आकडा डोळे मिटून उतरवू नये. त्याच्या देशातील निर्णय आपल्या कस्टमवर बंधनकारक नाही.

चार, शंका असेल तर मुंबईतील कस्टम्सच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. माल मागवण्यापूर्वीच निर्णय मिळतो आणि तो अर्जदार व कस्टम दोघांवर बंधनकारक असतो. माल बंदरात आल्यावर शंका निघाली तर कलम १८ खाली तात्पुरते मूल्यांकन करून, बंधपत्र देऊन माल सोडवता येतो.

पाच, प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा, बिल आणि अहवाल किमान पाच वर्षे जपून ठेवावा.

जे स्वतः आयात करीत नाहीत त्यांनी ठोक व्यापाऱ्याच्या बिलावरील एचएसएन आकडा वाचण्याची सवय लावावी. तोच आकडा आपल्या जीएसटीच्या बिलात पुढे जातो. एकाच मालावर दोन व्यापारी दोन वेगळे आकडे टाकत असतील तर कारण विचारावे, पेन्सिल आणि तुकडा हातात घेऊन वरच्या कसोट्या स्वतः लावून पाहाव्यात. दर दरवर्षी बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशी चालू दर पाहून घ्यावा. कसोट्या मात्र सहसा बदलत नाहीत. त्या एकदा पाठ झाल्या की दलाल काय सांगतो यावर विसंबून राहावे लागत नाही.